जुना पार्ट ठेवायचा की काढून टाकायचा? इंजिन ओव्हरहॉलच्या धंद्यातला रोजचा प्रश्न



मे महिना अर्धा सरला की गोंदिया जिल्ह्यात इंजिन दुरुस्तीवाल्यांच्या दारात गाड्या लागायला सुरुवात होते. पॉवर टिलर, ट्रॅक्टर, तलावावरचे इंजिन पंप, मळणी यंत्राची इंजिनं. मृग लागायच्या आत सगळ्यांना सगळं तयार पाहिजे असतं. पऱ्हे टाकायचे आहेत, मग बांध्यांत चिखलणी, मग रोवणी. धानाच्या पट्ट्यात हे वेळापत्रक पावसाच्या हातात असतं, तुमच्या-माझ्या नाही. पाणी आलं आणि टिलर बंद असला तर शेतकऱ्याचा एक दिवस जात नाही, आख्खी रोवणी मागे पडते.

आजचा विषय त्याच दुकानातला आहे. व्हिडिओत आपण वर्कशॉप कसं मांडायचं ते पाहिलं. खूप जणांचा प्रश्न एकच होता: इंजिन उघडलं, पार्ट झिजलेले दिसले, आता कोणता परत बसवायचा आणि कोणता काढून टाकायचा? व्हिडिओत दोन मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल ट्रेड करून स्वतःचं दुकान टाकायचा विचार असेल, तर हा निर्णयच तुमचा खरा माल आहे. पाने-पक्कड कोणीही फिरवतो. पैसे निर्णयाचे मिळतात.

आधी हिशोब, मग पाना

नवीन मुलं एक गोष्ट उलटी करतात. पार्टची किंमत बघतात आणि ठरवतात. महाग आहे ना, मग जुनाच चालवू. स्वस्त आहे, तर तोही चालवू, कारण ग्राहक घासाघीस करतोय. दोन्ही वेळा बघायची गोष्ट वेगळीच असते: हा पार्ट उद्या बिघडला तर परत किती उघडावं लागेल?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या बाजारातले तुम्ही टाका. समजा बिग एंड बेअरिंगची जोडी ४०० रुपयांना येते. दहा इंजिनांत तुम्ही जुनीच ठेवली, ४,००० वाचवले. त्या दहातली दोन हंगामात परत आली. परत उघडणं, पॅकिंग, ऑइल, दोन दिवसांची मजुरी, सगळं मिळून एकाला ३,००० धरा. म्हणजे ६,००० गेले. वाचवलेले वजा केले तरी २,००० खिशातून गेले. आणि बेअरिंग फिरून क्रँक घासला गेला असेल तर तो खर्च वेगळाच. शिवाय गावात बोललं जातं ते निराळं.

आता उलट बाजू. समजा नवीन क्रँकशाफ्ट ८,००० रुपयांचा आणि जुना ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंगसह २,००० मध्ये बसतो. इथे जुना वाचवण्यात ६,००० रुपये आहेत आणि नीट तपासून ग्राइंड केलेला क्रँक नव्याइतकाच चालतो. मग इथे वाचवायचा, पण तपासणीवर पैसे खर्च करून.

म्हणून मी नेहमी सांगतो, स्वस्त पण खोल आत असलेला पार्ट डोळे झाकून नवा टाका. महाग पण मोजता येणारा पार्ट वाचवायचा प्रयत्न करा. आणि बाहेरून अर्ध्या तासात निघणारा पार्ट, म्हणजे सायलेन्सर, फिल्टरची वाटी, रॉकर कव्हर, पाण्याची टाकी, हे जुनेच राहू द्या, बिघडले तर बघता येईल. रिंग, सगळी पॅकिंग, ऑइल सील, सर्क्लिप, स्प्लिट पिन, बिग एंडचे बोल्ट आणि बेअरिंग शेल यांच्यावर चर्चाच करायची नाही. हे नवेच. कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ताणला गेलेला असतो, ते डोळ्याला दिसत नाही. तो तुटला तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो. बोल्टच्या किमतीसाठी आख्खं इंजिन पणाला लावायचं कारण नाही.

उघडायच्या आधी इंजिनाला बोलू द्या

इंजिन दारात आलं की लगेच खोलायचं नाही. सुरू होत असेल तर सुरू करा. ऑइल भरायचं झाकण काढून बघा. तिथून धाप टाकल्यासारखा धूर येत असेल तर हवा रिंगांच्या बाजूने खाली उतरतेय. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही: नोझल, पंप, नाहीतर चोंदलेला एअर क्लिनर.

सुरूच होत नसेल तर हँडलने हाताने फिरवा, कॉम्प्रेशनवर आणून धरा आणि कान लावा. सायलेन्सरकडून सुस्कारा येतोय? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. एअर क्लिनरकडून? इनलेट व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणातून? रिंग-लायनर. या पाच मिनिटांत कुठला पार्ट संशयित आहे ते कळतं आणि ग्राहकाला अंदाजपत्रक देताना हवेत बोलावं लागत नाही.

मग ऑइल काढा, पांढऱ्या कपड्यावर घ्या. चकचकीत तांबूस-सोनेरी कण दिसले तर बेअरिंग किंवा बुश गेलाय. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. एक चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चिकटले तर गिअर, रिंग किंवा लायनरकडे बघायचं.

आणि इंजिन उघडायच्या आधी बाहेरून धुवा. हे लिहायची गरज पडू नये, पण रस्त्याकडेच्या दुकानांत चिखलाने माखलेलं इंजिन तसंच खोलतात. त्याच मातीतून पुढे झीज होते.

लायनर: झीज कुठे आहे ते बघा, किती आहे ते नंतर

आपल्या भागातल्या बहुतेक पॉवर टिलरमध्ये एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, साधारण १२ ते १५ एचपीचं डिझेल इंजिन असतं. त्याचा लायनर काढला की आधी बोटाचं नख हेडकडच्या टोकापासून आत ओढा. सगळ्यात वरची रिंग जिथून परत फिरते तिथे पायरी लागते का? तिथे दाब सगळ्यात जास्त, उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी. म्हणून झीज तिथेच सुरू होते.

पण फक्त वरच्या टोकाला जोरदार झीज आणि खाली जवळपास काहीच नाही, असं असेल तर दोष लायनरचा नाही. हवेतून धूळ आत गेलीय. धानाच्या प्रदेशात ही गोष्ट गंभीर आहे. भाताच्या तुसाच्या राखेत ८५ टक्क्यांहून जास्त सिलिका असते, म्हणजे वाळूतला घटक. मळणीच्या वेळी उडणारी धूळ आणि तूस मिळून लायनरसाठी पॉलिश पेपरच. तुम्ही नवा लायनर टाकला आणि एअर क्लिनरचा फाटका पाइप तसाच ठेवला, तर पुढच्या हंगामात हेच इंजिन परत तुमच्या दारात. ऑइल बाथवाला क्लिनर असेल तर त्यातलं ऑइल किती आहे, चिखल झालाय का, पाइपाची क्लिप घट्ट आहे का, हे लायनर मोजण्याआधी बघा. पार्ट परत वापरता येईल का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर "तो झिजला कशामुळे" यात असतं.

मोजायचं कसं? डायल बोअर गेज असेल तर तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन आडव्या दिशांना. एकाच उंचीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा, वर-खालीमधला फरक म्हणजे निमुळतेपणा. ही मापं कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी लावायची. प्रत्येक मॉडेलची मर्यादा वेगळी, म्हणून तोंडी आकड्यांवर जाऊ नका. डीलरकडून मॅन्युअलची प्रत मिळवा आणि भिंतीवर लावा.

बोअर गेज नसेल तर? सुरुवातीच्या मुलांसाठी फीलर गेजवर होणारी एक पद्धत सांगतो, ती मला फार आवडते. नवी रिंग घ्या. लायनरच्या खालच्या भागात, जिथे रिंग कधी घासत नाही, तिथे बसवा. पिस्टन उलटा करून त्याने ढकला म्हणजे रिंग सरळ बसेल. रिंगच्या दोन टोकांमधली फट मोजा. आता तीच रिंग वरच्या झिजलेल्या जागी आणा आणि फट परत मोजा. दोन फटींमधला फरक ३.१४ ने भागा. जे उत्तर येईल तेवढा व्यास वाढलाय. खाली ०.४० मिमी आणि वर ०.९० मिमी आली, फरक ०.५०, भागिले ३.१४, म्हणजे व्यासात सुमारे ०.१६ मिमी झीज. का? कारण व्यास वाढला की परीघ त्याच्या ३.१४ पट वाढतो आणि रिंगची फट म्हणजे परिघाचाच तुकडा. आठवीचं गणित, पण दुकानात सोन्यासारखं कामाला येतं.

नव्या रिंगची फट किती असावी याचा ढोबळ अंदाज: १०० मिमी बोअरला ०.३ ते ०.४ मिमी. लहान बोअरला त्याच प्रमाणात कमी. ढोबळ म्हणजे ढोबळ, मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच खरा.

झीज मर्यादेत आहे पण आतून आरशासारखं चकाकतंय, तर लायनर ठेवा, पण होनिंग करून जाळीसारखे तिरपे ओरखडे पाडा. त्यात ऑइल धरून राहतं आणि नवी रिंग बसते. होनिंगनंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरा कपडा फिरवून काळा होणार नाही तोवर. फक्त डिझेलने पुसलं तर होनिंगची भुकटी खाचांत तशीच राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच तासांत खाते.

लायनर काढलाच आहे तर बाहेरची बाजूही बघा. पाण्याच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी खोल छिद्रं दिसली तर आतून कितीही चांगला असला तरी तो भंगार. तलावाचं गढूळ पाणी थेट टाकीत ओतणाऱ्यांच्या इंजिनात गाळ आणि क्षारांचा थर जमलेला असतो, तोही खरवडून काढा. नाहीतर नवा लायनर पहिल्याच चिखलणीत तापेल.

जिथे बोअरच करता येत नाही असं इंजिन

थोडं विषयांतर करतो, पण ते कामाचं आहे. पिस्टनच्या इंजिनात आपल्याला एक सवलत असते: लायनर बदलता येतो, बोअर मोठा करता येतो, ओव्हरसाइज पिस्टन मिळतो. ही सवलत नसेल तर काय होतं ते रोटरी इंजिनात दिसतं. जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं हे इंजिन. त्यात पिस्टन वर-खाली होत नाही, तीन कोपऱ्यांचा रोटर आठच्या आकड्यासारख्या घरात फिरतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक पट्टी असते, ती घराच्या भिंतीला घासत दाब धरून ठेवते. आपल्या रिंगचंच काम.

एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीने १९६७ मध्ये या इंजिनाची 'आरओ ८०' गाडी आणली. १९६८ ची युरोपची 'कार ऑफ द इयर' ठरली. पण कोपऱ्यावरच्या त्या पट्ट्या लवकर झिजायला लागल्या. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीची दमछाक झाली आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. जपानच्या माझदानेही १९६७ मध्येच 'कॉस्मो स्पोर्ट' आणली. त्यांनाही भिंतीवर आडव्या ओरखड्यांचा त्रास झाला होता, त्यांचे इंजिनिअर त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. त्यांनी पट्टीचा पदार्थ बदलून मार्ग काढला.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. 'निशांत' या मानवरहित विमानासाठी ५५ एचपीचं देशी वांकेल इंजिन बनलं, त्यात बंगळुरूच्या एनएएल आणि एडीईबरोबर आपल्या अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची व्हीआरडीई ही संस्था होती. २००९ च्या एप्रिलमध्ये कोलारजवळ त्याचं उड्डाण झालं. त्या घराच्या आतल्या भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा खास लेप होता, कारण अशा इंजिनाचं आयुष्य त्या भिंतीवरच ठरतं.

रोटरी इंजिन बांधणारा मिस्त्री काय बघतो? आतल्या भिंतीचा लेप उडालाय का, विशेषतः कडांना. उडाला असेल तर बोअर करून पुढे जाता येत नाही, कारण मोठ्या मापाचा रोटर मिळत नाही. एकतर नवा लेप चढवायचा, नाहीतर घर भंगारात. बाजूच्या सपाट प्लेटी मात्र घासून परत सरळ करता येतात. म्हणजे एकाच इंजिनात एक पार्ट दुरुस्त होणारा आणि एक न होणारा. आपल्या टिलरमध्येही असेच दोन प्रकार आहेत, फक्त आपण तसं बघत नाही. पिस्टनची वरची खाच झिजली की ती दुरुस्त होत नाही. क्रँक मात्र चार वेळा वाचवता येतो.

पिस्टन आणि क्रँक

पिस्टन हातात घेतला की लोक आधी डोकं बघतात. तुम्ही खाच बघा. वरच्या खाचेतली कार्बन साफ करा, नवी रिंग तिच्यात बसवा आणि रिंग आणि खाचेच्या भिंतीमध्ये फीलर गेज घाला. फट मर्यादेपेक्षा जास्त असेल तर रिंग खाचेत वर-खाली आपटत राहते, ऑइल वर पंप करते आणि शेवटी मोडते. लायनर नवा, रिंग नवी आणि पिस्टन जुना, असं करून निळा धूर तसाच राहिलेली इंजिनं तुम्हाला गावोगाव दिसतील. पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीच्या कडेला बारीक भेगा असतील तर विषय संपला. बाजूला एकाच ठिकाणी घासल्याच्या खुणा असतील तर पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड वाकलाय का ते आधी तपासा. जुन्या बेअरिंग शेलही फेकायच्या आधी नीट वाचा. एका शेलला एका कडेला आणि दुसऱ्याला विरुद्ध कडेला झीज असेल तर तीही वाकलेल्या रॉडचीच खूण.

आता क्रँक. कनेक्टिंग रॉड जिथे बसतो तो जर्नल नेहमी एकाच बाजूने जास्त झिजतो, कारण डिझेल पेटल्याचा धक्का दर वेळी त्याच जागी बसतो. म्हणून मायक्रोमीटरने एक माप घेऊन उपयोग नाही. गोल फिरत निदान चार ठिकाणी, आणि दोन्ही टोकांना. मापं वहीत लिहा. अंडाकृतीपणा मर्यादेबाहेर असेल किंवा नखाला खाचा लागत असतील तर ग्राइंडिंग. ग्राइंडिंगच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी. जुने मिस्त्री त्याला दहा, वीस, तीस, चाळीस म्हणतात, ते इंचाच्या हजारांश भागांत. चाळीस झालेला क्रँक परत झिजून आला की सहसा त्याचा प्रवास संपतो.

तीन गोष्टी ग्राइंडिंगवाल्याशी बोलून घ्या. जर्नलच्या कडेला जो गोल वळसा असतो तो कायम ठेवायचा. तिथे काटकोनी खाच राहिली तर क्रँक तिथूनच तुटतो. दुसरं, काही क्रँकला वरून कडकपणाचा पातळ थर दिलेला असतो. तो ग्राइंडिंगमध्ये गेला तर परत थर द्यावा लागतो. कोणत्या प्रकारचा क्रँक आहे हे मॅन्युअलमध्ये बघा. तिसरं, वेल्डिंगने भरलेला क्रँक "एकदम चांगला आहे" म्हणून कोणी देत असेल तर हंगामात चालणाऱ्या इंजिनाला तो लावू नका. हे माझं मत आहे, काही जण वेगळं सांगतील.

भेग तपासण्याची खरी पद्धत चुंबकीय कण टाकून बघण्याची, ती मोठ्या मशीन शॉपमध्ये होते. दुकानात आपण काय करू शकतो? क्रँक स्वच्छ करून रॉकेल किंवा डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, पूर्ण कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. मग हातोडीने हलके टोले द्या. भेग असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. क्रँक टांगून टोला दिल्यावर घंटेसारखा नाद येतो की बद्द आवाज येतो, तेही ऐका. या दोन्ही चाचण्यांत पास झाला म्हणजे भेग नाहीच असं नाही, पण नापास झाला तर नक्की ठेवायचा नाही.

बसवताना बेअरिंगची फट मोजा. ढोबळ हिशोब, जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग: ५० मिमीला ०.०५ मिमीच्या आसपास. प्लास्टिगेजचा तुकडा ठेवून, टॉर्क रेंचने कसून, उघडून बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे.

हेड आणि पंप

हेडवर सरळ पट्टी तिरपी ठेवून खालून फीलर गेज घाला. वाकलं असेल तर सरफेस करून ठेवता येतं. व्हॉल्व्ह घासून घेतल्यावर त्याच्या डोक्याची कड सुरीसारखी पातळ झाली असेल तर तो बदला. कड साधारण ०.८ मिमीच्या खाली गेली की व्हॉल्व्ह तापून जळतो. लॅपिंग झाल्यावर हेड आडवं ठेवा, पोर्टमध्ये रॉकेल ओता आणि चहा प्यायला जा. आल्यावर व्हॉल्व्हखाली ओल नसेल तर सीट बरोबर बसलीय. स्प्रिंगची उंची नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून बघा.

टॅपेट परत वापरणार असाल तर जो ज्या कॅमवर होता तो तिथेच गेला पाहिजे. उतरवतानाच खूण करा.

फ्युएल पंपाला स्वतः हात घालू नका. त्यातला प्लंजर आणि बॅरल जोडीने घासून बसवलेले असतात, एका पंपाचा दुसऱ्याला चालत नाही. पंप आणि नोझल टेस्टिंगवाल्याकडे पाठवा आणि त्याचं बिल वेगळं दाखवा.

ग्राहकाला कसं सांगायचं

इथपर्यंत सगळं लोखंडाचं झालं. आता माणसाचं. काका समोर उभे राहून म्हणतात, "यंदा जुनंच चालवून द्या ना जी, धान विकल्यावर बघू." त्यांची अडचण खरी असते. धानाचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो आणि इंजिनाचं बिल जूनमध्ये. तुम्ही "नाही जमत" म्हटलं तर ते दुसऱ्या दुकानात जातील आणि तो न मोजता बसवून देईल.

मग काय करायचं? पार्ट टेबलावर मांडा. जे मापात आहे ते एका बाजूला, जे नाही ते दुसऱ्या बाजूला. नवी रिंग लायनरमध्ये घालून फट त्यांच्या डोळ्यांसमोर दाखवा. "काका, खाली ही पट्टी जात नाही, वर बघा दोन पट्ट्या जातात," एवढं पुरतं. शेतकरी माणूस दिवसभर यंत्राबरोबर असतो, त्याला कळतं. मग मधला मार्ग मांडता येतो: आत खोलवरचं आज नवं, बाहेरचं दिवाळीनंतर. बिलाचे दोन हप्ते करा, पण सेफ्टीचे पार्ट हप्त्यात टाकू नका.

जॉब कार्ड ठेवा. त्यावर इंजिन नंबर, उघडताना घेतलेली मापं, बसवताना घेतलेली मापं, कोणता पार्ट नवा, कोणता ग्राइंड केला, कोणता जुना ठेवला आणि कोणाच्या सांगण्यावरून. ग्राहकाची सही. काढलेले सगळे जुने पार्ट पोत्यात भरून त्यांच्याच गाडीत टाका. "नवं टाकलं म्हणाला, टाकलंच नाही" ही गावातली सगळ्यात जुनी तक्रार, ती एका पोत्यात मिटते. गॅरंटी महिन्यांत देऊ नका, चाललेल्या तासांत द्या, आणि ती तुम्ही बदललेल्या पार्टपुरती. टिलर पाच महिने शेडमध्ये उभा असतो आणि एका महिन्यात वर्षभराचं चालतो. "सहा महिने गॅरंटी" याला इथे अर्थ नाही.

एखादा ग्राहक भेग असलेला क्रँक किंवा जुने रॉड बोल्टच बसवा म्हणून अडून बसला, तर ते काम सोडा. उघडल्याची मजुरी घ्या आणि इंजिन परत करा.

दुकान सुरू करताना कशावर पैसे घालायचे

बोअरिंग मशीन किंवा क्रँक ग्राइंडर पहिल्या दिवशी घेऊ नका. ते काम बाहेरून करून घ्या. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, तिथे ही कामं होतात. पण जूनमध्ये तिथेही रांग असते, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात तुमचे क्रँक तिथे पोचले पाहिजेत. तुमचे पैसे मोजमापाच्या सामानावर जाऊ द्या: दोन मापांचे मायक्रोमीटर, डायल बोअर गेज, फीलर गेज, सरळ पट्टी, टॉर्क रेंच. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, सडक अर्जुनी, कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी पाना चालवणारे पुष्कळ आहेत. मोजून लिहून देणारा तिथे पटकन ओळखीचा होतो.

भांडवलासाठी पीएमईजीपी योजना बघा. २०२२ पासून सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, महिला अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान, स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के. म्हणजे ५ लाखांचा प्रकल्प असेल आणि तुम्ही ओबीसी असाल, तर स्वतःचे २५,००० आणि अनुदान १,७५,०००. पण ते अनुदान लगेच हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं, मग कर्जात वळतं होतं. हप्त्याचा हिशोब त्याप्रमाणे करा. सेवा प्रकल्प ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास लागतं. अर्ज ऑनलाइन, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात.

आणि हप्ता ठरवताना एक लक्षात घ्या. या धंद्याची मुख्य कमाई मे ते जुलैत आणि पुन्हा उन्हाळी धानाच्या आधी डिसेंबर-जानेवारीत होते. ऑगस्ट-सप्टेंबर थंड जातो. बँकेला अंदाजपत्रक देताना बारा महिने सारखी विक्री दाखवू नका. ते थंड महिने जॉब कार्ड काढून बसण्यासाठी ठेवा: कोणतं इंजिन परत आलं, त्यात जुना ठेवलेला कोणता पार्ट होता, आणि त्याचं उघडताना घेतलेलं माप काय होतं. दोन हंगामांत तुमच्या स्वतःच्या वहीत अशा मर्यादा तयार होतात ज्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये छापलेल्या नसतात.